तक्रारदाराचे नाव कोणाला दिसते? नोटिशींचे काम होस्टेड सॉफ्टवेअरवर नेणाऱ्या पालिका-पंचायतींसाठी

बेळगावच्या वडगाव किंवा खासबाग भागातील एखाद्या विणकर गल्लीत रात्री अकरानंतरही यंत्रमागाचा खडखडाट थांबत नाही, म्हणून शेजारच्या घरातील वयस्कर बाई महापालिकेत तक्रार देतात. पूर्वी हा अर्ज आवक नोंदवहीत चढे, फाइलीला लागे आणि फाइल कपाटात जाई. ती पाहायची तर कार्यालयात जावे लागे, कोणाला तरी विचारावे लागे, आणि कोण विचारायला आले होते हे चार जणांच्या लक्षात राही. आता तोच अर्ज संगणकावर नोंदवला जातो. ती नोंद कार्यालयातील कपाटात न राहता दूरच्या एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर राहते आणि ज्याच्याकडे लॉगिन आहे तो घरी बसून, मध्यरात्रीसुद्धा, ती उघडू शकतो. बाईंचे नाव, मोबाइल क्रमांक आणि घराचा पत्ता वाचायला कोणालाही चोरी करावी लागत नाही. पडद्यावर ते सर्वांना दिसेल अशीच रचना असते.

आमच्या गल्लीत असे घडले आहे. सांडपाण्याविषयीचा अर्ज सकाळी एका कार्यालयात दिला आणि संध्याकाळी त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो, ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्याच्या हाती होता. त्यानंतर आमच्या गल्लीतून कोणीही लेखी तक्रार दिलेली नाही. सांडपाणी मात्र अजूनही रस्त्यावरून वाहते. म्हणून हे मार्गदर्शन मी मुख्याधिकारी, पंचायत विकास अधिकारी, कनिष्ठ अभियंते आणि आरोग्य निरीक्षक यांच्यासाठी लिहीत आहे, आणि तितकेच ते अशा सॉफ्टवेअरच्या खरेदीच्या ठरावावर हात वर करणाऱ्या नगरसेवकांसाठी आणि पंचायत सदस्यांसाठीही आहे. शेवटचा भाग तक्रार देणाऱ्या नागरिकांसाठी आहे.

होस्टेड सॉफ्टवेअर म्हणजे काय आणि त्यातले आपल्या हातात किती

होस्टेड सॉफ्टवेअर म्हणजे कार्यालयातील संगणकात न बसवता पुरवठादाराच्या किंवा त्याने भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर चालणारी, ब्राउझर किंवा मोबाइल ॲपमधून वापरायची आणि बहुधा वार्षिक शुल्कावर मिळणारी प्रणाली. एकाच प्रणालीत अनेक गावांची माहिती शेजारी-शेजारी ठेवलेली असते. निपाणीची आणि खानापूरची नोंद एकाच डेटाबेसमध्ये असू शकते आणि त्यांच्यामध्ये केवळ सॉफ्टवेअरने उभी केलेली भिंत असते. ही रचना वाईट नाही, कारण लहान नगरपंचायतीला स्वतःचा सर्व्हर, त्याची वीज, त्याचा बॅकअप आणि त्याची सुरक्षा सांभाळणे झेपत नाही. मात्र भिंत खरोखर आहे की नाही, हे विकत घेणाऱ्याने तपासलेच पाहिजे.

कर्नाटकात बरीच कामे राज्य शासनाच्या प्रणालींतून होतात. ग्रामपंचायतीच्या मालमत्तांसाठी ई-स्वत्तू, शहरी मालमत्तांसाठी ई-आस्थी, शेतजमिनीच्या उताऱ्यासाठी भूमी आणि विविध अर्जांसाठी सेवा सिंधू वापरले जाते. त्यांची रचना स्थानिक कार्यालय बदलू शकत नाही. तरीही लॉगिन कोणाच्या हाती आहे, छापलेली प्रत कोठे जाते आणि पडद्याचा फोटो कोण काढतो, हे पूर्णपणे स्थानिक कार्यालयावर अवलंबून असते. स्थानिक संस्थेने स्वतः घेतलेल्या तक्रार ॲप, घरोघरी सर्वेक्षण, करवसुली किंवा नोटीस-व्यवस्थापनाच्या प्रणालीबाबत तर रचनेपासून करारापर्यंत सगळेच आपल्या हातात असते. पुढील सूचना मुख्यतः अशा प्रणालींसाठी आहेत.

कायद्याची चौकट

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ केला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. या कायद्याखालील माहिती संरक्षण मंडळाच्या स्थापनेसारख्या तरतुदी लगेच लागू झाल्या, तर माहिती बाळगणाऱ्यांची बहुतेक कर्तव्ये अधिसूचनेपासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. हा अवधी तयारीसाठी आहे. आज तीन वर्षांचा करार करणारी पालिका ती तारीख ओलांडूनच पुढे जाणार आहे, त्यामुळे करार आजच त्या कायद्याला धरून लिहावा लागेल.

या कायद्याचे कलम १७ कार्यालयांना सांगितले जाते ते बहुधा अर्धवट. कोणत्याही कायद्याचे उल्लंघन रोखणे, उघडकीस आणणे, त्याचा तपास करणे किंवा त्याबद्दल खटला चालवणे यासाठी माहिती हाताळली जात असेल, तर बरीच कर्तव्ये लागू होत नाहीत. अनधिकृत बांधकामाची किंवा परवान्याविना चालणाऱ्या धंद्याची फाइल या सवलतीत बसू शकते. परंतु त्याच कलमात दोन कर्तव्ये जशीच्या तशी राखली आहेत: पुरवठादाराने केलेल्या हाताळणीची जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या मूळ संस्थेवरच राहते, आणि माहिती फुटू नये यासाठी वाजवी सुरक्षा ठेवावी लागते. सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. म्हणजे काम कंत्राटाने देता येते, जबाबदारी देता येत नाही. शिवाय त्याच प्रणालीत घरपट्टी, नळजोडणी आणि जन्म-मृत्यूचे अर्जही असतील, तर त्या माहितीला तपासाची सवलत लागू होत नाही. एकाच कपाटातील अर्ध्या फाइलींना एक नियम आणि उरलेल्यांना दुसरा, असे चालवणे कोणत्याही कारकुनाला शक्य नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की सवलत आहे हे विसरून सर्व माहितीला पूर्ण कर्तव्ये लागू आहेत असे समजूनच व्यवस्था उभी करावी.

सॉफ्टवेअर पाहण्याआधी कागद घ्या

प्रात्यक्षिकाला येणारा पुरवठादार तयार फॉर्म दाखवतो. त्यात वडिलांचे नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, जात, ईमेल, व्यवसाय असे वीस-पंचवीस रकाने असतात, आणि रकाना आहे म्हणून तो भरला जातो. याच्या उलट क्रमाने जावे. कोऱ्या कागदावर डाव्या बाजूला आपण विचारणार असलेली प्रत्येक गोष्ट लिहावी आणि उजव्या बाजूला ती कोणत्या कृतीसाठी, कोणत्या कर्मचाऱ्याला लागते ते लिहावे. उजवी बाजू कोरी राहिली तर तो रकाना नकोच. सांडपाण्याच्या तक्रारीला ठिकाण, प्रकार, दिवस-वेळ आणि उत्तर कळवण्यासाठी एक मोबाइल क्रमांक पुरतो. आधार क्रमांक लागत नाही. तक्रारदार खरा आहे हे मोबाइलवरील ओटीपीने समजते, आणि एवढ्या कामासाठी आधारची झेरॉक्स घेऊन ती फाइलीला जोडणे ही केवळ सवय आहे. एखाद्या अर्जाला ओळखीचा पुरावा खरोखरच हवा असेल, तर शेवटचे चारच अंक दिसणारी मास्क केलेली प्रत घ्यावी किंवा मूळ पाहून ‘पाहिले’ अशी नोंद करून परत द्यावी.

जी माहिती घेतलीच नाही ती फुटत नाही, तिच्यासाठी सर्व्हरवर जागा लागत नाही आणि तिच्याबद्दल कोणाला उत्तरही द्यावे लागत नाही. करार कितीही कडक केला तरी या पायरीची भरपाई पुढे होत नाही.

तक्रारदार, मालमत्ता आणि प्रकरण वेगळे ठेवा

प्रणालीत तीन वेगळे कप्पे हवेत. तक्रारदाराचे नाव आणि संपर्क एका कप्प्यात, मालमत्तेचा खाते क्रमांक, सर्व्हे क्रमांक, वॉर्ड आणि मालकाची माहिती दुसऱ्यात, तर पाहणी, पंचनामा, नोटीस, उत्तर आणि आदेश तिसऱ्यात. पहिल्या कप्प्यातून तिसऱ्यात केवळ एक क्रमांक जावा. स्थळपाहणीला जाणाऱ्या निरीक्षकाच्या मोबाइलवर ठिकाण आणि तक्रारीचा प्रकार दिसला की त्याचे काम होते. तक्रारदाराला काही विचारायचे असेल तर कार्यालयातील एका नेमलेल्या व्यक्तीने विचारावे. निरीक्षकावर अविश्वास म्हणून हे सांगत नाही. तो त्याच गावचा असतो, त्याच गल्लीत त्याचे नातेवाईक असतात, आणि ज्याला नाव माहीतच नाही त्याच्यावर ते सांगण्यासाठी दबाव आणता येत नाही. म्हणजे ही रचना निरीक्षकाचेही रक्षण करते.

यानंतर नोटिशीचा मसुदा तपासावा. अनेक तयार मसुद्यांची सुरुवात ‘श्री. अमुक यांच्या दिनांक तमुक रोजीच्या तक्रारीवरून’ अशी असते आणि सॉफ्टवेअर तेथे नाव आपोआप भरते. हे वाक्य काढून त्या जागी ‘या कार्यालयाने दिनांक अमुक रोजी केलेल्या स्थळपाहणीत असे आढळून आले की’ असे लिहावे. यात गोपनीयता तर राखली जातेच, परंतु नोटीसही अधिक भक्कम होते, कारण कारवाईचा आधार शेजाऱ्याचे म्हणणे नसून अधिकाऱ्याने स्वतः केलेली मोजणी आणि पंचनामा आहे. तक्रार मिळाली म्हणून पाहणी झाली, आणि पाहणीत दोष आढळला म्हणून नोटीस निघाली, असा हा क्रम आहे. कर्नाटक महानगरपालिका कायदा, १९७६ च्या कलम ३२१ खाली अनधिकृत बांधकामावर आधी तात्पुरता आदेश निघतो आणि मालकाचे म्हणणे ऐकून मग तो कायम होतो. त्या सुनावणीत कार्यालयाला स्वतःच्या पुराव्यावरच उभे राहावे लागते.

एक अपवाद प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. कधी तक्रारदाराचे सांगणे हाच एकमेव पुरावा असतो. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे, पण त्या वेळी मोजणीला कोणी गेलेच नसेल तर तक्रारदाराच्या म्हणण्याखेरीज हाती काही नसते. ज्याच्याविरुद्ध कारवाई होते आहे त्याला त्याच्याविरुद्धचा पुरावा समजण्याचा हक्क आहे. अशा वेळी नाव उघड होऊ शकते हे तक्रारदाराला अर्ज घेतानाच सांगावे आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. त्याहून बरे म्हणजे रात्रीच्या मोजणीची व्यवस्था करावी.

दुसऱ्या कार्यालयाकडे प्रकरण पाठवताना हीच काळजी हवी. बेळगावचा कॅम्प भाग छावणी मंडळाकडे येतो, कारखान्याचा धूर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातो, विजेची तक्रार हेस्कॉमकडे. प्रणालीतील ‘पुढे पाठवा’ हे बटण बहुधा संपूर्ण अर्ज नावासकट पाठवते. त्याऐवजी केवळ प्रकरणाचा गोषवारा जाईल अशी तरतूद पुरवठादाराकडून करून घ्यावी.

फोटो

नाव झाकले तरी फोटो बोलतो. ॲपमधून पाठवलेल्या फोटोत काढल्याची वेळ आणि जीपीएसचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात. तक्रारदाराने आपल्या गच्चीवरून शेजाऱ्याच्या वाढीव मजल्याचा फोटो काढला असेल, तर त्या फोटोतील ठिकाण शेजाऱ्याच्या घराचे नसते, तक्रारदाराच्या गच्चीचे असते. ती दडलेली माहिती काढून टाकली तरी कोन शिल्लक राहतो. गल्लीत राहणारा कोणीही माणूस फोटो पाहून तो कोणत्या खिडकीतून काढला ते सांगू शकतो. म्हणून तक्रारदाराचा फोटो पाहणीसाठी केवळ खूण म्हणून वापरावा आणि तो पहिल्याच कप्प्यात ठेवावा. नोटिशीला, सुनावणीला आणि पोर्टलवर जाणारे फोटो निरीक्षकाने रस्त्यावरून, सार्वजनिक जागेतून स्वतः काढलेले असावेत.

निरीक्षकानेही फोटोत काय येते ते पाहावे. अंगणात वाळत घातलेले कपडे, दारात बसलेल्या बाई, खेळणारी मुले, गाडीचा क्रमांक यांचा वाढीव भिंतीशी काही संबंध नाही. अशा गोष्टी टाळून पुन्हा फोटो काढावा. तसे शक्य नसेल तर प्रसिद्ध होणाऱ्या प्रतीत त्या पुसट कराव्यात. मूळ फोटोला मात्र हात लावू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात मांडताना प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्या प्रमाणपत्रात नोंदीचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेला आणि फाइल जराही बदलली की बदलणारा ठसा, लिहावे लागते. फोटो प्रणालीत चढताच हॅश काढून ठेवणारे आणि मूळ फाइल बदलू न देणारे सॉफ्टवेअर असेल, तर सहा महिन्यांनी वकिलाच्या प्रश्नाला उत्तर देणे सोपे जाते.

एक नाव, तीन लिप्या

सीमाभागात जी अडचण रोज येते ती पुरवठादाराच्या पुस्तिकेत नसते. एकाच माणसाचे नाव जुन्या उताऱ्यावर मराठीत, ई-स्वत्तूच्या नमुन्यात कन्नडमध्ये आणि आधारवर इंग्रजीत असते. इंग्रजीत ळ आणि ल यांतला भेद उरत नाही, ऱ्हस्व-दीर्घ निघून जाते, आणि त्या इंग्रजी नावावरून संगणकाने पुन्हा कन्नड किंवा मराठी रूप तयार केले की ते मूळ नावाशी जुळत नाही. त्यात एका गल्लीत तीन पाटील, त्यांतल्या दोघांच्या वडिलांचे नाव एकच. नावावरून शोध घेऊन नोटीस काढली तर ती चुकीच्या घरी जाते, आणि चुकीच्या घरी गेलेली नोटीस म्हणजे एकाची खासगी माहिती दुसऱ्याच्या हातात ठेवणे होय. हा प्रकार मी गोपनीयतेच्या भंगातच मोजतो, कारण परिणाम तोच होतो.

उपाय साधा असला तरी तो चिकाटीने करावा लागतो. मालमत्तेची ओळख नेहमी खाते क्रमांकावरून किंवा मालमत्ता क्रमांकावरून ठरवावी, नावावरून कधीही ठरवू नये. नावासाठी प्रणालीत तीन स्वतंत्र रकाने असावेत, आणि प्रत्येक रूप त्या-त्या कागदावरून जसेच्या तसे उतरवावे. आपोआप लिप्यंतर होऊन आलेले रूप कोणी डोळ्यांनी तपासल्याशिवाय पक्के मानू नये. नोटीस छापण्याआधी निरीक्षकाने जागेवर जाऊन दारावरील क्रमांक आणि खाते क्रमांक जुळवल्याची खूण प्रणालीत करावी, आणि ती खूण नसेल तर छपाईच होऊ नये. प्रात्यक्षिकाच्या वेळी पुरवठादाराला देवनागरीतून आणि कन्नडमधून अर्ज भरून दाखवायला सांगावे. अनेक प्रणालींत देवनागरी मजकूर जतन होतो, पण पीडीएफ काढताना जोडाक्षरे तुटतात. तो तुटलेला कागद पाहिल्याशिवाय खरेदीची शिफारस करू नये.

भाषेचा प्रश्न संमतीलाही लागतो. २०२३ च्या कायद्यानुसार जेथे संमती घेऊन माहिती गोळा केली जाते, तेथे संमतीची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा त्या अनुसूचीत आहेत. तेव्हा ॲपच्या पहिल्या पडद्यावर दोन्ही भाषांची बटणे असावीत, ही मागणी निविदेतच लिहावी. नंतर मागितली तर तिचे वेगळे पैसे लागतात.

लॉगिन, डोंगल आणि व्हॉट्सॲप

सगळ्या कार्यालयासाठी एकच लॉगिन आणि संगणकाच्या कडेला चिकटवलेला पासवर्ड, ही स्थिती असेल तर वर लिहिलेले सर्व व्यर्थ आहे. प्रत्येकाला स्वतःचे लॉगिन, कामापुरतीच मुभा, आणि बदली किंवा कंत्राट संपल्याच्या दिवशीच ते बंद, हे तीन नियम मोडू नयेत. अधिकाऱ्याच्या डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल (संगणकाला जोडायचे छोटे उपकरण) डेटा एंट्री ऑपरेटरच्या खणात राहते, कारण काम अडू नये असे वाटते. पण त्या स्वाक्षरीने निघालेल्या प्रत्येक आदेशाचे उत्तर अधिकाऱ्यालाच द्यायचे आहे. कोणती नोंद कोणी कधी उघडली याची नोंदवही (लॉग) प्रणाली स्वतः ठेवते, आणि २०२५ चे नियम ती किमान एक वर्ष जपायला सांगतात. ही नोंदवही महिन्यातून एकदा मुख्याधिकाऱ्यांनी वाचावी. आपल्या वॉर्डाबाहेरच्या तक्रारी कोणी वारंवार उघडतो आहे का, एवढे जरी पाहिले तरी बरेच कळते.

व्हॉट्सॲपचा प्रश्न याहून कठीण आहे. वॉर्डाच्या गटात नगरसेवक, ठेकेदार, कर्मचारी आणि उत्साही नागरिक सगळेच असतात, आणि ‘हे बघा’ म्हणून तक्रारीची पीडीएफ तेथे टाकली की पुढची वाटचाल कोणाच्याच हाती राहत नाही. केवळ बंदी घालून हे थांबत नाही. कर्मचाऱ्यांना मोबाइलवर झटपट काम हवे असते, म्हणून ते त्या गटाकडे वळतात. प्रणालीच्या ॲपमध्ये काम सोपवण्याची सोय व्हॉट्सॲपइतकीच सोपी असेल आणि छापता येणाऱ्या पीडीएफमध्ये तक्रारदाराचे नाव मुळातच येत नसेल, तर गळती आपोआप कमी होते.

करार आणि चाचणी

खरेदी कर्नाटक सार्वजनिक खरेदी पारदर्शकता कायदा, १९९९ च्या चौकटीतच होईल. त्याची कार्यपद्धती कार्यालयांना माहीत आहे, म्हणून येथे विस्तार करत नाही. निविदेच्या अटींत पुढील मजकूर जसाच्या तसा घालता येईल: ‘या प्रणालीत नोंदवलेली सर्व माहिती संस्थेची राहील. पुरवठादार ती केवळ संस्थेच्या लेखी सूचनेनुसार हाताळील, अन्य ग्राहकाच्या, जाहिरातीच्या किंवा सॉफ्टवेअरच्या प्रशिक्षणाच्या कामी वापरणार नाही, आणि संस्थेच्या पूर्वसंमतीशिवाय उपकंत्राटदाराला देणार नाही. माहिती, बॅकअप आणि लॉग भारतातील सर्व्हरवर राहतील. करार संपल्यापासून तीस दिवसांत पुरवठादार फोटो व जोडपत्रांसह सर्व माहिती खुल्या, वाचता येण्याजोग्या स्वरूपात परत देईल आणि त्यानंतर स्वतःकडील प्रती नष्ट करून तसे प्रमाणपत्र देईल.’ यातले तीस दिवस ही माझी सूचना आहे. माहिती मोठी असेल तर ते वाढवावेत, पण आकडा लिहिल्याशिवाय सोडू नये. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी मंत्रालयाच्या यादीतील क्लाउड सेवा आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतील लेखापरीक्षकाचा ताजा सुरक्षा अहवाल, या दोन्ही गोष्टी निविदेसोबतच मागाव्यात.

कागदावरच्या अटीपेक्षा तासाभराची चाचणी अधिक सांगते. पुरवठादाराच्या चाचणी प्रणालीत, त्याच्या लेखी परवानगीने आणि बनावट नोंदी घेऊन, दोन वेगळ्या गावांची दोन लॉगिन मागावीत. पहिल्या गावाच्या लॉगिनने एक नोटीस उघडावी आणि ब्राउझरच्या पत्त्यातील नोटीस क्रमांक एकाने वाढवावा. दुसऱ्या गावाची नोटीस उघडली तर दोन गावांमधली ती भिंत नाहीच. मग नोटिशीच्या पीडीएफचा दुवा कॉपी करून लॉगआउट करावे आणि तो पुन्हा उघडून पाहावा. उघडला तर तो दुवा जगात कोणालाही उघडेल. यानंतर सर्व माहिती बाहेर काढून दाखवायला सांगावे आणि बाहेर आलेल्या फाइलीत फोटो आहेत की केवळ त्यांची नावे आहेत ते पाहावे. शेवटी एक नोंद पुसायला सांगून ती बॅकअपमधून परत आणायला सांगावे. ही चाचणी चालू प्रणालीवर परवानगीविना कोणीही करू नये, कारण माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तो अनधिकृत प्रवेश ठरू शकतो.

काय उघड ठेवायचे

गोपनीयतेच्या नावाखाली कारवाईच लपवणे हा उलट दिशेचा धोका आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी पाडकामाबाबत दिलेल्या निर्देशांत किमान पंधरा दिवसांची कारणे दाखवा नोटीस, ती रजिस्टर्ड पोस्टाने पाठवून बांधकामावर चिकटवणे, जिल्हाधिकाऱ्यांना ईमेल आणि पाडकामाचे चित्रीकरण सांगितले आहे. नोटीस बजावल्याचा तपशील, मालकाचे उत्तर आणि आदेश डिजिटल पोर्टलवर ठेवण्यासही सांगितले आहे. रस्ता, पदपथ, नदी किंवा जलाशय अशा सार्वजनिक जागेतील अनधिकृत बांधकामाला आणि न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या पाडकामाला हे निर्देश लागू नाहीत. पावसाळ्यात बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचे पाणी शिवारात शिरले की अतिक्रमणाचा विषय निघतो, तेव्हा हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

या पोर्टलवर मालमत्ता, आरोप, कलम, तारखा, उत्तर आणि आदेश असावेत. मालकाचा मोबाइल क्रमांक, आधार, आजारपणाचा किंवा कौटुंबिक वादाचा उत्तरात आलेला तपशील आणि तक्रारदाराची ओळख असू नये. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये आता बदल झाला असून वैयक्तिक माहिती नाकारण्याची तरतूद अधिक व्यापक झाली आहे. परंतु सार्वजनिक हित अधिक मोठे असेल तर माहिती देण्याची मुभा कलम ८(२) मध्ये कायम आहे. एखाद्या वॉर्डात किती नोटिसा निघाल्या आणि किती दाबल्या गेल्या, ही वैयक्तिक माहिती नाही, आणि ती मागणाऱ्याला खासगीपणाचे कारण सांगून परत पाठवणे मला अन्यायाचे वाटते.

माहिती फुटल्यास

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आणि हे शासकीय संस्थांनाही लागू आहे. २०२३ च्या कायद्याची कर्तव्ये लागू झाल्यावर माहिती संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवून सविस्तर अहवाल ७२ तासांत द्यावा लागेल, तसेच ज्यांची माहिती गेली त्यांना साध्या भाषेत कळवावे लागेल. सहा तासांत हे करायचे तर कोणाला फोन करायचा, पुरवठादाराचा रात्रीचा क्रमांक कोणता आणि लॉगिन गोठवण्याचा अधिकार कोणाला, हे भिंतीवर लिहून ठेवलेले असले पाहिजे.

तक्रार देणाऱ्यांसाठी

आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद ३५० ने दिला आहे. त्यामुळे भाषा येत नाही म्हणून दुसऱ्याच्या हातून अर्ज लिहून घेऊन आपली माहिती आणखी एका माणसाला देण्याची गरज नाही. अर्जाच्या मुख्य मजकुरात फक्त ठिकाण आणि तक्रार लिहा. नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक वेगळ्या कागदावर लिहून त्यावर ‘ओळख गोपनीय ठेवावी’ अशी विनंती सहीसह करा. फोटो शक्यतो रस्त्यावरून काढा आणि कॅमेऱ्यातील लोकेशनची सोय त्याआधी बंद करा. आधारची प्रत मागितल्यास ती कोणत्या नियमाखाली हवी ते नम्रपणे विचारा.

तक्रार क्रमांक आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. महिन्याभराने त्याच क्रमांकाचा उल्लेख करून एक साधा अर्ज द्या: माझ्या तक्रारीची नोंद आजवर कोणकोणत्या पदावरील कर्मचाऱ्यांनी उघडली आणि ती कोणत्या कार्यालयाला पाठवली गेली, हे कळवावे. त्या अर्जाचीही पोच घ्या.